शंभरातल्या पन्नास, शंभरातले दहा

गावातले दारूचे दुकान मतदानाने बंद करायचे असेल तर महाराष्ट्रात गावाच्या यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक जणींनी ‘आडवी बाटली’ या चिन्हावर शिक्का मारावा लागतो. ब्रिटनमध्ये निलंबित किंवा दोषी ठरलेल्या खासदाराला घरी पाठवून पोटनिवडणूक घ्यायला मतदारसंघातल्या १० टक्के मतदारांच्या सह्या पुरतात. दोन्ही आकडे नोंदलेल्या एकूण मतदारांवर मोजले जातात, झालेल्या मतदानावर नाही. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यातला एक दारूचा परवाना रद्द करायला लागणारी टक्केवारी वेस्टमिन्स्टरमधली एक जागा रिकामी करायला लागणाऱ्या टक्केवारीच्या पाचपट आहे.

ही तुलना दारू आणि संसद यांची नाही. सत्तेच्या जागी बसलेल्याला, मग तो परवानाधारक असो, सरपंच असो वा खासदार, मुदतीआधी जाब विचारायची सोय कायद्यात असेल तर ती तीन आकड्यांवर ठरते: प्रक्रिया सुरू करायला किती जण लागतात, संपवायला किती लागतात आणि जे आलेच नाहीत त्यांना कोणत्या बाजूला मोजले जाते. शेवटच्या आकड्याची चर्चा सर्वांत कमी होते आणि निकाल बहुतेकदा तोच ठरवतो.

बाटलीचे गणित

मतदानाने दुकान बंद करण्याचे सध्याचे नियम २५ मार्च २००८च्या शासन आदेशातले आहेत. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. उत्पादन शुल्क खाते सह्या यादीशी ताडून पाहते. त्या खऱ्या ठरल्या की प्रशासन गुप्त मतदान घेते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. जावळी तालुक्यातल्या महिलांनी हा मार्ग वापरून परवाना असलेली दुकाने बंद केली, आणि मेढा ज्याचे मुख्यालय आहे तो हा तालुका राज्यातला पहिला दारूबंदीचा तालुका म्हणून ओळखला जाऊ लागला.

अट कागदावर निम्म्याची आहे. मतदानाच्या दिवशी ती निम्म्याची राहत नाही. समजा, यादीत १,००० महिला आहेत. दुकान बंद व्हायला ५०१ मते लागतील. मतदान ८० टक्के झाले तर आलेल्यांपैकी ६२.६ टक्के मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदान ७० टक्के झाले तर ७१.६ टक्के. ६० टक्के झाले तर ८३.५ टक्के. ५० टक्के किंवा त्याहून कमी झाले तर आलेल्या प्रत्येकीने आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरी दुकान चालूच राहते. याच उदाहरणात ६२० जणी आल्या, ४८० जणींनी बंदीला मत दिले, १३० जणींनी विरोधात दिले आणि १० मते बाद झाली, तर बंदीला ७७ टक्के मते मिळूनही ठराव २१ मतांनी पडतो.

म्हणून या मतदानात दुकानदाराने प्रचार जिंकण्याची गरज नसते. बायका घराबाहेर पडल्या नाहीत तरी त्याचे काम होते. गैरहजर राहिलेली प्रत्येक महिला उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते, तिचे मत काहीही असो.

जावळीसारख्या तालुक्यात हा भाग जास्त जड पडतो. इथल्या कुटुंबांचा मोठा हिस्सा कामासाठी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. माथाडी कामगारांमध्ये या खोऱ्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यादीत नाव गावाकडे आणि संसार वाशी-कोपरखैरण्यात, अशी स्थिती अनेक घरांची. विधानसभेच्या वा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार गाड्या पाठवून हे मतदार आणतात. बाटलीच्या मतदानाला गाडी पाठवणारा उमेदवार नसतो. नवी मुंबईतून न आलेली बाई त्या दिवशी दुकान चालू ठेवण्याच्या बाजूने मोजली जाते. यादीतली मृत आणि दुबार नावेही त्याच बाजूला जातात. त्यामुळे या मतदानाआधी यादी दुरुस्त करून घेणे हे प्रचाराइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

सहा अर्ज, चार जागा

ब्रिटनचा कायदा २०१५चा आहे आणि मार्च २०१६पासून लागू आहे. त्याची पार्श्वभूमी २००९च्या भत्ता घोटाळ्याची. खासदारांनी घरखर्चाच्या नावाखाली काय काय वसूल केले याचा तपशील मे २००९मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने छापायला सुरुवात केली, त्याच महिन्यात कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष मायकेल मार्टिन यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. २०१०च्या निवडणुकीत तिन्ही मोठ्या पक्षांनी खासदार परत बोलावण्याचा हक्क देऊ असे सांगितले. कायदा यायला त्यानंतर पाच वर्षे लागली.

सह्यांचा हा अर्ज तीन कारणांनीच उघडतो: तुरुंगवासाची शिक्षा, भत्त्यांबाबत खोटी माहिती दिल्याचा गुन्हा, किंवा सभागृहाने कामकाजाचे किमान १० दिवस अथवा एकूण १४ दिवस केलेले निलंबन. अर्ज सहा आठवडे उघडा राहतो. त्या मुदतीत १० टक्के मतदारांनी सह्या केल्या की जागा रिकामी होते. पोटनिवडणुकीत त्या खासदाराला पुन्हा उभे राहता येते.

२०१६ ते २०२४ या काळात सहा अर्ज उघडले. चार कारणे निलंबनाची, एक शिक्षेचे, एक भत्त्यांचे. सहांपैकी चार यशस्वी झाले, एक पडला आणि एक खासदाराने मध्येच राजीनामा दिल्याने संपला. यशस्वी अर्जांत पीटरबरो (२०१९) येथे १९,२६१ सह्या झाल्या, म्हणजे २७.६ टक्के. ब्रेकन अँड रॅडनरशर (२०१९) येथे १०,००५, सुमारे १९ टक्के. रदरग्लेन अँड हॅमिल्टन वेस्ट (२०२३) येथे ११,८९६, १४.७ टक्के. वेलिंगबरो (२०२३) येथे १०,५०५, सुमारे १३ टक्के. चारही ठिकाणी १०ची अट ओलांडली गेली. जावळीची ५०ची अट लावली असती तर चारही खासदार जागेवर राहिले असते. सर्वांत मोठा आकडाही तिच्या निम्म्याच्या थोडा पुढे पोचतो.

पडलेला अर्ज उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्थ अँट्रिमचा. २०१८मध्ये तिथे ७,५४३ सह्या हव्या होत्या, झाल्या ७,०९९. अंतर ४४४ सह्यांचे, टक्केवारी ९.४. कायद्याने सहीसाठी १० केंद्रांपर्यंत परवानगी होती. उघडली गेली तीन. टपालानेही सही करता येत होती, त्यामुळे तीनच केंद्रांमुळे अर्ज पडला असे म्हणता येत नाही. पण ४४४चा फरक आणि न उघडलेली सात केंद्रे एकाच तक्त्यात येतात, आणि अट जितकी काटेकोर तितकी सोयीसुविधांची संख्या निकालाच्या जवळ येते.

आकड्यांतल्या विसंगती

पीटरबरोत खासदार घालवायला १९,२६१ जणांनी सही केली. ६ जून २०१९च्या पोटनिवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराला मिळाली १०,४८४ मते, आघाडी ६८३. काढणाऱ्यांची संख्या निवडणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. शिवाय जिंकलेला पक्ष तोच होता ज्याच्या खासदाराला, पक्षातून काढल्यानंतर, मतदारांनी घालवले.

ब्रेकनमध्ये उलटे झाले. १०,००५ जणांनी घालवलेले खासदार पुन्हा उभे राहिले आणि त्यांना १२,४०१ मते पडली. ठेवा म्हणणारे काढा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. तरीही ते १,४२५ मतांनी हरले, कारण समोरच्या उमेदवाराला १३,८२६ मते मिळाली. दोन्ही उदाहरणांचा अर्थ एकच: १० टक्क्यांचा अर्ज जनमताचा निकाल देत नाही, तो फक्त निकाल मागण्याचा हक्क देतो. म्हणून त्याची अट कमी ठेवता येते. बाटलीच्या मतदानात मात्र मागणी २५ टक्क्यांची आणि निकाल ५० टक्क्यांचा, आणि निकाल तिथेच संपतो.

दुसरा फरक गुप्ततेचा. ब्रिटनमध्ये सहीच्या केंद्रावर फक्त काढण्याच्या बाजूने जाता येते. ठेवायच्या बाजूने सही करण्याची सोय नाही. केंद्राच्या दारात दिसलेला माणूस कोणत्या बाजूचा हे उघड असते. जावळीतल्या महिलेला दोन्ही चित्रे समोर मिळतात आणि तिने कुठे शिक्का मारला हे कोणाला कळत नाही. दुकानदार, नवरा आणि पुढारी एकाच गावात राहतात तिथे या गुप्ततेची किंमत टक्केवारीत मांडता येत नाही. पण २५ टक्क्यांचे निवेदन सहीनेच द्यावे लागते. पहिली पायरी उघडी आणि दुसरी झाकलेली, अशी ही रचना आहे.

तिसरा मुद्दा कधीच न उघडलेल्या अर्जांचा. २०२१मध्ये ओवेन पॅटरसन यांच्यासाठी ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली. त्यांनी आधीच राजीनामा दिला. २०२३मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी समितीचा अहवाल प्रसिद्ध होण्याआधी खासदारकी सोडली; समितीने म्हटले की ते सदस्य असते तर ९० दिवसांचे निलंबन सुचवले असते. सहा अर्जांच्या मोजणीत ही दोन नावे येत नाहीत. कायद्याचा परिणाम फक्त झालेल्या सह्यांत मोजला तर तो कमी भरतो.

निवडून येण्याची किंमत

काढायला ५० टक्के लागत असतील तर बसवायला किती लागतात? २०२४च्या लोकसभा निवडणुकीत सातारा मतदारसंघात उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मते मिळाली, आघाडी ३२,७७१. शेजारच्या सांगलीत अपक्ष विशाल पाटील यांना ५,७१,६६६ मते मिळाली, आघाडी १,००,०५३. दोघांच्या मतांत फरक अवघा ५३२चा, आघाडीत तिपटीचा. दोन्ही मतदारसंघांत मतदार १८ लाखांहून अधिक आणि मतदान ६२-६३ टक्क्यांच्या आसपास. नोंदलेल्या मतदारांवर भागले तर दोन्ही विजेत्यांच्या वाट्याला साधारण ३० टक्के येतात.

त्याच वर्षी विधानसभेला सातारा मतदारसंघात, ज्यात मेढा येते, शिवेंद्रसिंहराजे भोसले १,७६,८४९ मते घेऊन १,४२,१२४च्या आघाडीने निवडून आले. झालेल्या मतदानापैकी सुमारे ८० टक्के मते त्यांना मिळाली. एवढी आघाडी असूनही नोंदलेल्या मतदारांवर हा आकडा निम्म्याच्या आसपासच जातो. म्हणजे मतदान केलेल्या पाच जणांपैकी चौघांची मते मिळवणारा आमदार ज्या रेषेपाशी पोचतो, ती रेषा बाटलीच्या मतदानात किमान अट आहे.

ब्रिटनमध्ये हे अंतर आणखी मोठे आहे. जुलै २०२४मध्ये मजूर पक्षाने ६५०पैकी ४११ जागा जिंकल्या, म्हणजे ६३ टक्के. मते मिळाली ३३.७ टक्के. मतदान सुमारे ६० टक्के झाल्याने नोंदलेल्या मतदारांपैकी या पक्षाला मत देणारे पाचात एक. निवडणुकीत गैरहजर मतदार कोणत्याच बाजूला मोजला जात नाही. बाटलीच्या मतदानात आणि ब्रिटनच्या अर्जात तो बसलेल्याच्या बाजूला मोजला जातो. एकाच माणसाच्या गैरहजेरीचे दोन कायद्यांत दोन अर्थ लागतात.

सरपंच: ६० महिन्यांतले ३०

महाराष्ट्रात लोकप्रतिनिधीला मुदतीआधी काढताना मतदारांना विचारण्याची सोय गावपातळीवर आहे. २०१७मध्ये सरपंचाची थेट निवड आली, २०२०मध्ये ती रद्द झाली, २०२२मध्ये परत आली. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांचे तीन-चतुर्थांश बहुमत लागते. त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते. मतदानाचा हक्क ९ जणांना असेल तर तीन-चतुर्थांश म्हणजे ६.७५, प्रत्यक्षात ७. तिघे सोबत राहिले की सरपंच सुरक्षित. निवडीनंतर पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही. पाच वर्षांच्या ६० महिन्यांतून २४ आणि ६ वजा केले की उरतात ३०. सरपंच निम्मी मुदत अविश्वासापासून मुक्त असतो.

इथे भाजक बदलतो. ग्रामसभेत हजर असलेल्यांचे बहुमत पाहिले जाते, यादीतल्या सगळ्यांचे नाही. तेच गाव, तीच यादी, त्याच महिला. दुकानासाठी गैरहजर महिला दुकानदाराच्या बाजूची, सरपंचासाठी गैरहजर महिला कोणाच्याच बाजूची नाही. पण सरपंचाविरुद्ध सुरुवात करण्याचा अधिकार तिला नाही. तो सदस्यांना आहे. सदस्यांनी ठराव आणलाच नाही तर ग्रामसभेपुढे मतदानाला काही येत नाही.

मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी अशीच सोय आहे. तिथेही नगरसेवकांच्या तीन-चतुर्थांशांनी सुरुवात होते आणि मग मतदारांपुढे दोन चित्रे येतात: रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची.

वरच्या मजल्यावर शून्य

आमदार आणि खासदार यांच्यासाठी भारतात मतदारांच्या हातात मुदतीआधीचा आकडा शून्य आहे. २०१६मध्ये लोकसभेत वरुण गांधी यांनी मांडलेल्या खासगी विधेयकात सुरुवातीला एक-चतुर्थांश मतदारांच्या सह्या आणि काढायला तीन-चतुर्थांश मते सुचवली होती. ते कायदा झाले नाही.

सभागृह स्वतः सदस्याला काढू शकते. डिसेंबर २००५मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली: १० लोकसभेचे, १ राज्यसभेचा. त्यांपैकी दोघे जळगाव जिल्ह्यातून निवडून आलेले. छायाचित्रणात पकडलेल्या रकमा १५ हजार ते १ लाख १० हजार रुपयांच्या होत्या. वृत्तवाहिनीवर चित्रण दाखवल्यापासून हकालपट्टीपर्यंत दोन आठवडेही लागले नाहीत. निर्णय जलद होता. तो घेताना त्या ११ जागांवरच्या एकाही मतदाराला विचारले गेले नाही, आणि विचारण्याची तरतूदही नव्हती.

ब्रिटनच्या रचनेत सभागृह निलंबन करते आणि पुढचा निर्णय मतदारसंघाकडे जातो. पण तिथेही सुरुवात मतदारांच्या हातात नाही. आश्वासन मोडले, पक्ष बदलला, मतदारसंघात फिरकला नाही, यांपैकी कोणत्याही कारणाने अर्ज उघडत नाही. न्यायालय किंवा सभागृह यांनी आधी बोट दाखवावे लागते. सहाही अर्जांत तसेच झाले.

चार व्यवस्था शेजारी ठेवल्या की चित्र असे दिसते. ब्रिटिश खासदार: सुरुवात संस्थेची, शेवट मतदारांचा. सरपंच: सुरुवात सदस्यांची, शेवट ग्रामसभेचा. भारतीय खासदार: सुरुवात आणि शेवट दोन्ही सभागृहाचे. दारूचा परवाना: सुरुवात आणि शेवट दोन्ही मतदारांचे. सर्वांत कडक अट असलेली एकच व्यवस्था अशी आहे जिची किल्ली सुरुवातीपासून नागरिकांकडे आहे.

विश्वासाचा आकडा

अशा कायद्यांनी विश्वास वाढतो का? ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी एक प्रश्न विचारला जातो: सरकार पक्षापेक्षा देशाचे हित आधी ठेवते यावर तुमचा किती विश्वास आहे? ‘जवळजवळ कधीच नाही’ म्हणणारे २००९मध्ये, भत्ता घोटाळ्यानंतर, ४० टक्के होते. २०२३च्या पाहणीत ते ४५ टक्के झाले. बहुतेक वेळा विश्वास ठेवतो म्हणणारे उरले १४ टक्के. दोन पाहण्यांच्या मध्ये खासदारांचे भत्ते स्वतंत्र संस्थेकडे गेले, परत बोलावण्याचा कायदा आला आणि सहापैकी चार अर्ज उघडून झाले. अविश्वास पाच टक्केबिंदूंनी वाढला.

यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. त्या वर्षांत ब्रेक्झिट, महासाथ आणि महागाई यांचेही ओझे होते. पण जाब विचारण्याची सोय आणि विश्वास ही दोन वेगळी मापे आहेत, एवढे आकडे सांगतात. सोय विश्वास नसलेल्यांसाठी असते.

जावळीच्या बाबतीत दुसरे माप महसुलाचे आहे. राज्याला उत्पादन शुल्कातून २०२२-२३मध्ये सुमारे २१,५०० कोटी रुपये मिळाले आणि २०२३-२४मध्ये २३ हजार कोटींहून अधिक. जून २०२५मध्ये मद्यावरचे कर वाढवताना मंत्रिमंडळाने आणखी १४ हजार कोटींचा अंदाज धरला. परवाना देणारे, त्यावर कर घेणारे, सह्या तपासणारे आणि मतदान घेणारे एकच शासन आहे. ब्रिटनमध्ये ज्या संस्थेचा सदस्य जातो तीच संस्था अर्जाची सुरुवात करते. इथे ज्याचा महसूल जातो तोच मोजणी करतो. अट ५० टक्क्यांची का ठेवली याचे उत्तर या आकड्यांत असेलच असे नाही, पण अट ठरवणाऱ्याचा हिशेब त्यांत आहे.

चंद्रपूरने उलट टोक दाखवले. तिथे जिल्हाभर दारूबंदी १ एप्रिल २०१५ला शासनाच्या निर्णयाने आली आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. मोर्चे आणि निवेदने दोन्ही बाजूंनी झाली, बाटलीचे मतदान एकदाही लागले नाही. मंत्रिमंडळाने आणलेली बंदी मंत्रिमंडळ काढू शकते. मतदारांनी स्वतः बंद केलेले दुकान पुन्हा उघडायचे तर निदान त्याच यादीपुढे जाण्याचा प्रश्न उभा राहतो.

तीन आकडे

अट ५० ठेवावी की १०, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. कमी अटीत मूठभरांचा त्रास, जास्त अटीत बसलेल्याला अभय. पण तीन दुरुस्त्या अटीला हात न लावता होऊ शकतात. मतदानाआधी ठरावीक मुदतीत यादीतली मृत, दुबार आणि कायमची स्थलांतरित नावे काढणे. निकाल जाहीर करताना यादीतले, आलेले आणि बाजूचे असे तिन्ही आकडे एकत्र छापणे, म्हणजे ठराव मतांनी पडला की गैरहजेरीने, हे गावाला कळेल. आणि सरपंचाविरुद्ध सुरुवात करण्याचा हक्क सदस्यांसोबत मतदारांच्या ठरावीक टक्क्यांनाही देणे. दुकानासाठी २५ टक्के चालत असतील तर पंचायतीसाठी न चालण्याचे कारण शासनाने लेखी द्यावे.

आज जावळीतल्या महिलेच्या हातात दुकानाविरुद्ध सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत, सरपंचाविरुद्ध फक्त शेवट आहे, आमदाराविरुद्ध पाच वर्षांतून एकदा मत आहे. पद जितके वरचे तितका तिचा मुदतीआधीचा वाटा कमी होत जातो. टक्केवारीवरच्या वादाआधी हा उतरता क्रम बदलायचा की नाही, ते ठरायला हवे.